रिपोर्टवर 'नेक्रोसिस' लिहिलंय, म्हणजे नेमकं काय समजायचं?

वर्तकनगरकर

नमस्कार मंडळी. जाणकारांचं मार्गदर्शन हवंय.

आमच्या बाबांचं वय ७२, मधुमेह बऱ्याच वर्षांचा. उजव्या टाचेला जखम झाली म्हणून ठाण्यातल्याच एका हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर 'टाचेवर नेक्रॉटिक पॅच, डिब्राइडमेंट केलेलं नाही, ड्रेसिंग चालू ठेवा' असं लिहिलंय (डिब्राइडमेंट म्हणजे मेलेलं मांस काढणं). विचारलं तर राउंडच्या घाईत 'तिथलं मांस मेलंय' एवढंच सांगितलं गेलं. आईने तेव्हापासून धसका घेतलाय. नातेवाइकांचे फोन सुरू आहेत. एक काका म्हणतात पाय काढावा लागणार, आत्या म्हणते ही कॅन्सरची सुरुवात असते.

गंमत नाही, खरंच गोंधळ उडालाय. कारण ऐरोलीच्या माझ्या मामेबहिणीच्या मानेच्या गाठीच्या रिपोर्टवर 'नेक्रोटायझिंग ग्रॅन्युलोमॅटस इन्फ्लमेशन' आलंय आणि ऑफिसातल्या एकाच्या खुब्याच्या एमआरआयवर 'अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस'. शब्द एकच, पण तिघांना तीन वेगळ्या डॉक्टरांकडे पाठवलंय. हा आजार आहे की लक्षण? तो पसरतो का? आणि मेलेलं मांस असेल तर काढून का टाकत नाहीत?

कळव्याचे_सर

मी पॅथॉलॉजी शिकवत होतो, आता निवृत्त आहे. तुमचा पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, म्हणून त्याचं उत्तर आधी. नेक्रोसिस हा आजार नव्हे. जिवंत शरीरात एखाद्या जागचा पेशींचा समूह मेला, एवढंच त्याने कळतं. कशाने मेला, हे तो शब्द सांगत नाही. त्यामुळे रिपोर्टवर तो दिसला की त्याच्या आगेमागे काय लिहिलंय ते वाचायचं. तुमच्या घरच्या तिन्ही रिपोर्टांत तो एकच शब्द आहे, पण पहिल्यात कारण बहुधा दाब, साखर आणि कमी रक्तपुरवठा, दुसऱ्यात जंतू असण्याची शक्यता मोठी आणि तिसऱ्यात हाडाच्या आतला रक्तपुरवठा बंद पडणं.

पेशी मरायची कारणं मोजकी आहेत. रक्त न पोचणं हे सगळ्यांत मोठं. त्याखालोखाल जंतुसंसर्ग, विष (साप, ॲसिड, काही औषधं), अति उष्णता किंवा अति थंडी, मार आणि चेंगरणं, किरणोत्सर्ग. रक्त थांबलं की प्रत्येक अवयव किती वेळ तग धरतो ते ठरलेलं असतं. मेंदूला मिनिटं मिळतात, चार-पाच मिनिटांतच कायमची इजा सुरू होते. हृदयाच्या स्नायूला साधारण २० ते ४० मिनिटं. हातापायाच्या स्नायूंना सहा तासांच्या आसपास. हार्ट अटॅकला रिपोर्टवर 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' लिहितात, तोही नेक्रोसिसच, फक्त रक्त थांबल्याने झालेल्या नेक्रोसिसला इन्फार्क्शन म्हणायची पद्धत आहे. 'इस्किमिया' लिहिलं असेल तर रक्त कमी पडतंय, पण पेशी अजून वाचू शकतात. इस्किमिया आणि नेक्रोसिस या दोन शब्दांत रुग्णाचं अख्खं नशीब असतं, म्हणून त्यांची सरमिसळ करू नका.

गँगरीन म्हणजे मोठ्या भागाचा नेक्रोसिस, बहुतेक वेळा हातापायाचा किंवा आतड्याचा. मराठी ग्रंथांत गँगरीनला कोथ आणि नेक्रोसिसला ऊतकमृत्यू म्हटलेलं सापडेल, पण ठाण्यातला कुठलाही डॉक्टर तुमच्याशी ते शब्द बोलणार नाही. प्रत्येक गँगरीनमध्ये नेक्रोसिस असतो. प्रत्येक नेक्रोसिस गँगरीन नसतो. तुमच्या बाबांच्या कार्डावर 'पॅच' लिहिलंय, म्हणजे मर्यादित जागा. काकांनी परस्पर पाय काढून टाकायची गरज नाही.

पसरतो का? मेलेली पेशी शेजारच्या पेशीला मारत नाही. कारण चालू राहिलं तर भाग वाढतो. रक्त अजून कमी झालं, जंतू आत शिरले, टाचेवरचा दाब तसाच राहिला, तर वाढेल. कारण थांबलं तर कड तिथेच थांबते.

कोपरीची_सिस्टर

सरांनी छान समजावलंय. मी घरोघरी जाऊन ड्रेसिंग करते, कोपरी, नौपाडा, पाचपाखाडी. डोळ्यांना काय दिसतं ते लिहिते, म्हणजे तुम्हाला बाबांची जखम स्वतः बघता येईल.

पट्टी सोडली की मी आधी जखमेकडे बघतच नाही, कडेकडे बघते. जखमेत चार रंग सापडतात. लालसर, दाणेदार, जरा बोट लागलं तरी रक्त येणारं ते नवं भरतंय. कडेने आत सरकणारी फिकट गुलाबी पातळ कातडी म्हणजे जखम मिटायला लागली. पिवळट, चिकट, ओढलं तर तारेसारखं लांबणारं ते स्लफ, हे मेलेलं पण ओलं. आणि काळी किंवा काळपट तपकिरी, घट्ट, बोटाने दाबलं तर टणक लागणारी खपली म्हणजे एस्कार. कार्डावर 'नेक्रॉटिक पॅच' लिहितात तेव्हा बहुतेक ही काळी खपलीच असते.

आता कड. खपलीच्या भोवतीची कातडी नेहमीच्या रंगाची, कोरडी, गार नाही गरम नाही, खपली सगळीकडून चिकटलेली, दाबली तर खालून काही येत नाही, वास नाही. अशी टाच असेल तर मी हात लावत नाही. पण कडेला लाली दिसली, खपली एका बाजूने उचलली गेली, खाली पिचकल्यासारखं मऊ लागलं, वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

मग बोटं. अंगठ्याचं नख दाबायचं, पांढरं होतं, सोडल्यावर दोनेक सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. दोन्ही पायांचं करून बघायचं. एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो का ते हाताच्या मागच्या बाजूने बघायचं, तळव्याने नीट कळत नाही.

दादा, बाबांची टाच गादीवर टेकते का? हे आधी सांगा.

वर्तकनगरकर

सिस्टर, खूप धन्यवाद. टाच टेकतेच, ते दिवसभर उताणे झोपलेले असतात. खपली काळी आणि टणक आहे, वास नाही. सरांचं वाचून आईला समजावलं. आता ती निदान जेवतेय.

पण माझा तिसरा प्रश्न राहिला. मेलंय तर काढत का नाहीत? शेजारचे म्हणतात की हॉस्पिटलने चालढकल केली.

कोपरीची_सिस्टर

नाही हो. पोटरीखाली उशी घ्या, अशी की टाच पूर्ण हवेत राहील. उशी टाचेखाली नाही, पोटरीखाली, आणि गुडघा किंचित वाकलेला. रबराची रिंग किंवा हवेची गोल चकती टाचेखाली अजिबात नको, कडेचं रक्त अडतं. दोन तासांनी कूस बदलायची. हे आज रात्रीपासून करा, औषधाइतकंच महत्त्वाचं आहे.

आणि न काढण्याबद्दल: टाचेवरची कोरडी, घट्ट, स्वच्छ खपली काढू नये असंच आम्हाला शिकवलंय. ती खालच्या हाडाचं झाकण असते. टाचेला मांस कमी, खपली काढली की हाड उघडं पडायची भीती. त्यात पायाला रक्त कमी असेल तर कापलेली जागा भरणारच नाही, जखम मोठी होऊन बसेल. आधी रक्त किती पोचतंय ते बघायचं, मग सुरी. म्हणून 'डिब्राइडमेंट केलेलं नाही' हे कार्डावर मुद्दाम लिहिलंय.

कळव्याचे_सर

सिस्टरांशी पूर्ण सहमत. यात उलटी बाजूही सांगतो, नाहीतर कुणी 'काळं म्हणजे थांबा' असा सरसकट अर्थ घेईल.

कोरडं गँगरीन म्हणजे रक्त कमी पडल्याने बोट हळूहळू सुकून काळं पडतं, मेलेल्या आणि जिवंत भागात स्पष्ट रेघ पडते. तिथे वेळ असतो. आधी रक्तवाहिनी मोकळी करता येते का ते बघतात. ओलं गँगरीन म्हणजे त्यावर जंतू चढले, सूज, पाणी, दुर्गंधी, रेघ नाही, आणि माणूस तापाने फणफणलेला. तिथे तासांचा हिशेब असतो. गॅस गँगरीन त्याहून वाईट, क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू स्नायूत वायू तयार करतात, दाबलं की कातडीखाली चरचर जाणवते. आणि 'नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस' म्हणून एक आहे, कातडीखालच्या थरात झपाट्याने पसरणारा जंतुसंसर्ग, त्यात वरून कातडी सुरुवातीला जवळजवळ ठीक दिसते, पण दुखणं मात्र दिसतं त्याच्या कितीतरी पट. दिसण्यात आणि दुखण्यात एवढी तफावत असेल तर एक रात्रही घरी काढू नका. यातलं मेलेलं मांस लगेच आणि सगळं काढावं लागतं, तिथे थांबणं जिवावर बेततं.

मधुमेहाच्या पायात एक जास्तीचा धोका म्हणजे दुखणंच कळत नाही. त्यामुळे 'दुखत नाही म्हणजे बरं आहे' हे त्यांच्याबाबतीत धरू नये.

बाबांचा डॉपलर (पायातल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफीसारखी तपासणी) आणि एबीआय झाला का? एबीआय म्हणजे घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा. ०.९ च्या खाली आला तर पायाला रक्त कमी. पण जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठून त्या कडक होतात, पट्ट्याने दाबल्या जात नाहीत आणि आकडा खोटाच चांगला येतो, १.४ च्या वरसुद्धा. तसं दिसलं तर अंगठ्याचा दाब मोजायला सांगा.

घोडबंदर_रोड

माफ करा, पण मला वेगळं म्हणायचंय. आमच्या गावाकडे अशा जखमेवर पाला वाटून लावतात, वर हळद. माझ्या सासऱ्यांची जखम तशीच भरली. सगळं हॉस्पिटलच्या हवाली करायची गरज असते का? रक्तवाहिन्यांचे डॉक्टर, प्लास्टिक सर्जन, हे सगळं मध्यमवर्गीयाला झेपणारं नाही.

कोपरीची_सिस्टर

खर्चाचं दुखणं मला रोज दिसतं, त्यामुळे तुमच्यावर रागावणार नाही. रक्त चांगलं असलेल्या पायाची जखम कशानेही भरते, स्वच्छ ठेवली तरी भरते. पाला मग श्रेय घेऊन जातो. पण काळ्या कोरड्या खपलीवर ओला पाला बांधला की ती भिजते, मऊ होते आणि कोरडं होतं ते ओलं होतं. वर सरांनी दोन्हींतला फरक लिहिलाय. मला बोलावतात तेव्हा बऱ्याच घरांत हेच झालेलं असतं, आणि सोबत गरम पाण्याची पिशवी. पायाला संवेदना नसते, पिशवी भाजते आणि सकाळी फोड दिसतो. गरम पिशवी, गरम पाण्यात पाय सोडणं, हीटरसमोर पाय धरणं हे मधुमेहात पूर्ण बंद.

खर्चासाठी कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशीचं महापालिकेचं रुग्णालय आहे. तिथे सर्जरीच्या ओपीडीत दाखवता येतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

घोडबंदर_रोड

पटलं. पिशवीचं माहीत नव्हतं, सासूबाईंची आजच काढून ठेवतो.

खारघर_सेक्टर१२

तो खुब्याचा अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस मला झालाय, म्हणून लिहितोय. धागाकर्त्याने हे आपल्या सहकाऱ्याला वाचायला द्यावं.

मांडीच्या हाडाचा वरचा गोल डोका खुब्याच्या खोबणीत असतो. त्याला रक्त देणाऱ्या वाहिन्या बारीक आणि पर्यायी वाट जवळजवळ नाही. त्या बंद झाल्या की आतलं हाड मरतं. मेलेलं हाड लगेच मोडत नाही, काही काळ आकार टिकवून उभं राहतं. मग एक दिवस वजनाखाली त्याचा वरचा घुमट दबतो. तोवर एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, एमआरआयवर मात्र आधी दिसतं. माझं असंच झालं. दुखायचं जांघेत आणि गुडघ्यात, म्हणून गुडघ्याचेच एक्स-रे काढत राहिलो.

कारणांत स्टिरॉइड आणि दारू वरच्या क्रमांकाला. मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर हे तिसरं. सिकल सेलमध्येही होतो, पालघरच्या आदिवासी पट्ट्यातल्या मुलांत हा विचार आधी करावा लागतो. माझ्या बाबतीत २०२१ मध्ये कोविडसाठी दिलेली स्टिरॉइडं हे कारण धरलंय. त्या वर्षी मुंबईतल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी कोविडनंतरच्या अशा रुग्णांबद्दल लिहिलंही होतं. स्टिरॉइड देणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्या वेळी माझा श्वास त्यामुळेच टिकला.

सांगायचं ते हे: घुमट दबायच्या आधी पकडला तर 'कोअर डीकंप्रेशन' नावाची छोटी शस्त्रक्रिया करता येते, हाडाला भोक पाडून आतला दाब कमी करतात. दबल्यावर बहुतेकांना खुबाच बदलावा लागतो. म्हणून 'स्टेज कितवी?' हा पहिला प्रश्न. आणि दुसऱ्या खुब्याचाही एमआरआय, कारण स्टिरॉइडमुळे होतो तेव्हा तो पुष्कळदा दोन्हीकडे असतो. जांघेतलं दुखणं महिनाभर गेलं नाही आणि मागे कधी स्टिरॉइड घेतलेलं असेल, तर डॉक्टरला ते आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

मृण्मयी_ऐरोली

मी तीच मामेबहीण. दादाने लिंक पाठवली. माझं वय २९, मानेला दोन गाठी, सुईने पाणी काढून तपासलं. रिपोर्टवर जे आलंय ते वाचून मी रात्रभर नेटवर होते, आणि नेटने मला कॅन्सर देऊन टाकला. डॉक्टर म्हणाले टीबी असू शकतो, अजून एक टेस्ट करू. नेक्रोसिसचा टीबीशी काय संबंध?

कळव्याचे_सर

मृण्मयी, नेट बंद कर आणि हे वाच.

टीबीच्या जंतूंना शरीर पेशींचं कुंपण घालतं, त्या पुंजक्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. त्याच्या मधल्या भागातल्या पेशी मरतात आणि तो भाग सुरीने कापला की चुरलेल्या पनीरसारखा दिसतो. म्हणून त्याला 'केसिएटिंग' म्हणायची पद्धत पडली. आपल्या देशात मानेच्या गाठीत 'नेक्रोटायझिंग ग्रॅन्युलोमा' आला की डॉक्टर आधी टीबीचा विचार करतात, आणि ते बरोबरच आहे. पण रिपोर्टवर नुसतं एवढंच असेल तर ती खूण झाली, पुरावा नाही. पुरावा म्हणजे जंतू सापडणं किंवा सीबीनॅट, म्हणजे सॅम्पलमध्ये टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट. ती टेस्ट रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का हेही सांगते, म्हणून ती होईपर्यंत घाई करू नको आणि झाल्यावर टाळाटाळही करू नको. टीबी निघाला तर गाठीचा साधारण सहा महिन्यांचा कोर्स असतो, सरकारी केंद्रात औषधं मोफत. मधेच सोडायचा नाही. औषध सुरू असताना गाठ आधी थोडी वाढू शकते, तेव्हा घाबरून बंद करणारे बरेच पाहिलेत.

तुझ्या वयाच्या मुलींत आणखी एक गोष्ट सापडते, किकुची रोग. १९७२ मध्ये जपानमध्ये त्याची प्रथम नोंद झाली. मानेच्या गाठी, ताप, रिपोर्टवर 'नेक्रोटायझिंग लिम्फॅडेनायटिस', पण ग्रॅन्युलोमा नाही. तो बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप बरा होतो, टीबीची औषधं लागत नाहीत. तुझ्या रिपोर्टवर 'ग्रॅन्युलोमॅटस' स्पष्ट आहे, त्यामुळे तुझ्याबाबतीत तो मागे पडतो. पण या दोन ओळी वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील.

कॅन्सरचं विचारलंस म्हणून. वेगाने वाढणाऱ्या गाठीच्या मध्यभागी रक्त पुरत नाही आणि तिथे नेक्रोसिस होतो, हे खरं. काही कॅन्सरांची प्रत (ग्रेड) ठरवताना तो मोजतात, मेंदूच्या काही गाठींत तो वाईट लक्षण असतो. पण ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कॅन्सरात केमो दिल्यानंतर काढलेल्या गाठीत ९० टक्के किंवा त्याहून जास्त नेक्रोसिस दिसला तर ती आनंदाची बातमी असते, औषध लागू पडलं. तोच शब्द. म्हणून सुटा शब्द नेटवर टाकून काहीही हाती लागत नाही.

मृण्मयी_ऐरोली

सर, आज झोपेन. टेस्टचं सॅम्पल उद्या देतेय.

तुर्भे_एमआयडीसी

जरा वेगळा मुद्दा, पण याच विषयातला. ठाणे-बेलापूर पट्ट्यात प्रेस, कटिंग, पॅकिंगची मशीनं भरपूर. मी एका युनिटमध्ये सेफ्टी बघतो. बोट तुटलं की आजही लोक ते थेट बर्फात टाकतात. बर्फ सरळ लागला की पेशी गोठून मरतात, म्हणजे जोडायला नेलेलं बोट वाटेतच गेलं. आमच्याकडे फर्स्ट एड बॉक्सवर मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय: तुकडा स्वच्छ पाण्याने हलका धुवा, सलाइनने ओल्या केलेल्या स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. चोळायचा नाही, डेटॉल नाही, लोंबकळत असलेला भाग तोडायचा नाही. माणूस आणि तुकडा एकाच गाडीत. निघायच्या आधी फोन करून मायक्रोव्हॅस्क्युलर सर्जन (बारीक रक्तवाहिन्या जोडणारे) आहेत का विचारा, नाहीतर संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात जाण्यातच वेळ जातो.

सरांनी वर स्नायूचे सहा तास सांगितले. बोटात स्नायू जवळजवळ नसतो, म्हणून ते नीट गार ठेवलं तर जास्त टिकतं. मनगटाच्या वर तुटलं तर मात्र खरी घाई. चेंगरलेल्या हातात, बाहेरून जखम नसली तरी, सूज वाढून आतला दाब रक्त अडवतो. बोटं सरळ केल्यावर जीव जाईल इतकं दुखत असेल तर 'मुका मार आहे' म्हणून घरी पाठवू नका.

येऊर_पायथा

तुर्भेकरांच्या मुद्द्यावरून आठवलं. पावसाळ्यात आमच्याकडे सर्पदंश होतात आणि अजूनही लोक घट्ट दोरी बांधतात. नाग, घोणस, फुरसे यांच्या विषाने दंशाच्या जागचं मांस मरतं, त्यात दोरीने रक्त अडवलं की पाय जायची भीती आणखी वाढते. चिरा देणं, चोखणं हेही नाही. हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन, आणि जवळचं सरकारी रुग्णालय. प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही सापांवर चालतं. ते लवकर मिळालं तर जीव वाचतो, पण मेलेलं मांस ते परत आणत नाही. मण्यारच्या दंशाला सूज जवळजवळ नसते, म्हणून 'काही झालं नाही' असं समजू नका.

डेंटिस्ट_नौपाडा

दोन ओळी. दाताच्या रिपोर्टवर 'पल्प नेक्रोसिस' आलं तर घाबरू नका, दाताच्या आतली नस मेली एवढाच अर्थ. दुखणं अचानक थांबलं म्हणून लोक खूश होतात, ते नस मेल्यामुळे असतं. रूट कॅनाल करून दात वाचतो. दात करडा पडत असेल तर दाखवून घ्या.

वर्तकनगरकर

सर्वांचे आभार. बाबांना काल सर्जनकडे नेलं. धाग्यातून घेतलेले प्रश्न कागदावर लिहून नेले होते आणि या वेळी डॉक्टरांनी बसवून सगळं सांगितलं. एबीआय १.४५ आला. सरांनी लिहिलं होतं म्हणून मी 'हा खोटा चांगला नाही ना?' असं विचारलं. त्यांनी अंगठ्याचा दाब मोजला, तो कमी निघाला. आता कलर डॉपलर आणि मग गरज पडली तर अँजिओग्राफी. खपली तशीच ठेवायची आहे. टाच हवेत आहे.

एक शंका राहिली. बाबा तंबाखू खातात आणि आजी मिश्री लावते. डॉक्टर म्हणाले बंद करा. बाबांचं म्हणणं, विडी ओढणाऱ्यालाच पायाचा त्रास होतो, खाणाऱ्याला नाही. काय सांगू?

कळव्याचे_सर

त्यांना सांगा की रक्तवाहिनीला आकसायला लावतं ते निकोटिन, आणि ते धुरातून आलं काय किंवा गालातून आलं काय, जातं रक्तातच. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. विडी-सिगारेटच्या धुराने वाहिन्यांचं नुकसान आणखी होतं हे खरं, पण म्हणून खाल्लेली निर्धोक ठरत नाही. बाबांच्या टाचेला जे थोडं रक्त मिळतंय ते आणखी कमी करायची चैन त्यांना परवडणारी नाही.

ओढणाऱ्यांसाठीही लिहितो, वाचत असतीलच. बर्गर रोग म्हणून एक आहे, लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. विशी ते चाळिशीतले विडी-सिगारेट ओढणारे पुरुष, साखर नाही, कोलेस्टेरॉल नाही, आणि हातापायाची बोटं एकेक करून काळी पडतात. त्यात तंबाखू पूर्ण सोडणं हा एकमेव खात्रीचा उपाय आहे. कमी करून चालत नाही, दिवसाला एक-दोन विड्यांनीही आजार चालू राहतो. चालताना पोटरी किंवा तळवा दुखून थांबावं लागतं आणि थांबल्यावर दुखणं जातं, ही त्याची सुरुवातीची खूण. तेव्हाच रक्तवाहिन्यांच्या सर्जनला दाखवा.

कोपरीची_सिस्टर

दादा, तंबाखू सोडायला १८००११२३५६ हा सरकारी मोफत नंबर आहे, समुपदेशन फोनवरच मिळतं. बाबा तयार नसतील तर पहिल्यांदा तुम्ही बोला. आणि डॉपलरला जाताना पायाची पट्टी सैल बांधून न्या, तिथे सोडावी लागते. जास्तीची गॉझ आणि सलाइनची छोटी बाटली बरोबर ठेवा, त्यांच्याकडे परत बांधून द्यायला कुणी असेलच असं नाही.